म्हातारपणी झोप का तुटते? रेणूंच्या पातळीवरचं संशोधन आणि घराघरांतले प्रश्न

रात्री अडीचच्या सुमारास पाणी प्यायला उठलं की स्वयंपाकघरातला दिवा लागलेला दिसायचा. आई परातीत तांदूळ घेऊन निवडत बसलेली. "झोप येत नाही, मग पडून काय करू? काम तरी उरकतं." जवळजवळ दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी "वयच झालंय" म्हणून ते सोडून दिलं. तो आमचा हलगर्जीपणा होता. मी जीवरसायनशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण त्यानंतर या विषयावरचं संशोधन नेटाने वाचत गेले, आणि नातेवाईक, शेजारी, आईच्या भिशीतल्या मावश्या मला तेच तेच प्रश्न विचारू लागल्या. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे मांडली आहेत.

वय वाढलं की झोपेची गरजच कमी होते, नाही का?

या समजुतीमुळे सर्वांत जास्त नुकसान होतं. अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमून वयानुसार शिफारशी केल्या. त्यात ६५ वर्षांवरच्या माणसांसाठी ७ ते ८ तास झोप सांगितली आहे. तरुणांसाठी ती ७ ते ९ तास आहे. म्हणजे फरक फार थोडा आहे. गरज थोडी घटत असेलही, पण त्याहून कितीतरी जास्त घटते ती झोप धरून ठेवण्याची मेंदूची ताकद. गाढ झोपेतल्या मंद, मोठ्या लहरी मध्यमवयापासूनच कमी होऊ लागतात, आणि पुरुषांमध्ये ही घट जास्त दिसते. जाग येण्याच्या वेळा वाढत जातात. आई आठ तास अंथरुणात असायची, पण त्यातली झोप जेमतेम पाच तासांची.

झोपेचा आणि रेणूंचा काय संबंध?

दिवसभर मेंदू काम करतो तेव्हा पेशींचं इंधन खर्च होतं आणि अ‍ॅडेनोसिन नावाचा रेणू साठत जातो. तो वाढला की पेंग येते. चहाकॉफीतलं कॅफिन या अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी येते. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री दहाला अंगात असतंच. आमच्याकडे पहिला बदल केला तो इथेच, आणि आईने त्याला सर्वांत जास्त विरोध केला.

अ‍ॅडेनोसिनखेरीज जागं ठेवणारे रेणू आहेत, झोपवणारे आहेत, आणि वेळ मोजणारी प्रथिनं आहेत. उतारवयातली प्रत्येक तक्रार यांतल्या कुठल्या ना कुठल्या दुव्यापाशी जाऊन पोचते. म्हणूनच सगळ्यांना एकच गोळी लागू पडत नाही.

झोप लगेच लागते, पण टिकत नाही. खुट्ट झालं की जाग. असं का?

ज्येष्ठांची ही सर्वांत मोठी तक्रार, आणि संशोधनातला सर्वांत समृद्ध भागही हाच. जरा सविस्तर सांगते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली. काही रुग्ण आठवडेच्या आठवडे झोपून राहत, तर काहींची झोप पार उडे. व्हिएन्नातले डॉक्टर कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी मरण पावलेल्यांचे मेंदू तपासले आणि सांगितलं की हायपोथॅलॅमसच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा भागाच्या) पुढच्या बाजूला झोपवणारं केंद्र असावं आणि मागच्या बाजूला जागं ठेवणारं. सूक्ष्मदर्शकाखालच्या नुसत्या निरीक्षणावरून केलेला हा अंदाज पुढे खरा ठरला.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी जवळजवळ एकाच वेळी हायपोथॅलॅमसमधला एक रेणू शोधला. टेक्ससमधल्या मासाशी यानागिसावा यांच्या गटाने त्याला ओरेक्सिन म्हटलं, तर लुईस दे लेसेआ यांच्या गटाने हायपोक्रेटिन. रेणू एकच, नावं दोन, आणि दोन्ही आजही चालतात. हा रेणू आपल्याला जागं ठेवतो. ज्यांच्या मेंदूतल्या या पेशी नष्ट होतात त्यांना नार्कोलेप्सी होते, म्हणजे बोलता बोलता, जेवता जेवता झोप येते.

मग म्हातारपणी या पेशी कमी झाल्या तर झोप वाढायला हवी ना? मीही आधी असंच समजत होते. २०२२ मध्ये दे लेसेआ यांच्याच स्टॅनफर्डमधल्या गटाने म्हाताऱ्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या या पेशी तरुण उंदरांपेक्षा सुमारे ३८ टक्के कमी होत्या, तरी झोप मात्र सारखी तुटत होती. कारण उरलेल्या पेशी अतिसंवेदनशील झाल्या होत्या.

प्रत्येक चेतापेशीच्या पातळ आवरणात पोटॅशियम बाहेर सोडणारी दारं असतात. त्यातली केसीएनक्यू नावाची दारं ब्रेकचं काम करतात. पेशी उत्तेजित होऊ लागली की ती उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी शांत होते. म्हाताऱ्या उंदरांत ही दारं कमी झाली होती. दूध उतू जायच्या बेतात असावं तशी पेशी कायम उंबरठ्यावर. तरुणपणी ज्याने काही झालं नसतं एवढ्याशा चाळवणीने ती पेटते, जागं करणारा संदेश सुटतो आणि झोप मोडते. संशोधकांनी तरुण उंदरांच्या याच पेशींमधली या दारांची जनुकं बिघडवली, तर त्यांचीही झोप म्हाताऱ्यांसारखी तुटू लागली. उलट, ही दारं उघडी ठेवणारं फ्लुपिर्टिन हे औषध म्हाताऱ्या उंदरांना दिल्यावर त्यांची झोप सलग झाली.

हे वाचून कुणी फ्लुपिर्टिन शोधायला निघू नये. हे जुनं वेदनाशामक, आणि यकृताला इजा होते म्हणून युरोपात २०१८ मध्ये ते मागे घेतलं गेलं. शिवाय प्रयोग उंदरांवरचा आहे. पण त्यातून दुखणं नेमकं कुठे आहे ते कळलं. आई "उगाच जाग येते" म्हणायची. ते उगाच नव्हतं.

हे सगळं उंदरांचं झालं. माणसांचं काय?

माणसांच्या बाबतीत झोपवणाऱ्या बाजूचा पुरावा हाताशी आहे. हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात गॅलॅनिन हा रेणू तयार करणाऱ्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो जागं ठेवणाऱ्या केंद्रांना गप्प बसवतो. शिकागोतल्या एका दीर्घकालीन अभ्यासात वृद्ध मंडळींनी मनगटावर घड्याळासारखं यंत्र बांधून रात्रंदिवस आपली हालचाल नोंदवू दिली आणि मृत्यूनंतर मेंदू दान केले. क्लिफर्ड सेपर, अँड्र्यू लिम आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्या ४५ जणांच्या मेंदूंतल्या या पेशी मोजल्या. २०१४ मध्ये निष्कर्ष आला: पेशी जितक्या कमी, तितकी हयातीतली झोप जास्त तुटलेली. ज्यांच्याकडे ६,००० पेक्षा जास्त पेशी उरल्या होत्या ते विश्रांतीचा निम्मा किंवा जास्त वेळ सलग निश्चल होते. ज्यांच्याकडे ३,००० पेक्षा कमी, त्यांचा हा वाटा ४० टक्क्यांच्याही खाली.

एवढ्याशा पुंजक्यावर माणसाची रात्र अवलंबून असते. त्या माणसांनी मेंदू दिले नसते तर हे कधीच कळलं नसतं, ही जाणीव मला हा अभ्यास वाचताना सतत होती.

आमचे आजोबा साडेआठला पेंगायला लागतात आणि तीनला उठून आंघोळ उरकतात. हा आजार आहे का?

सलग सहासात तास झोप होत असेल आणि दिवसा ताजंतवानं वाटत असेल, तर नाही. त्यांचं घड्याळ पुढे सरकलंय एवढंच.

हे घड्याळ खरंच प्रथिनांचं आहे. शरीरातल्या पेशींमध्ये 'पीरियड' प्रथिन तयार होतं, साठतं, आणि पुरेसं साठलं की स्वतःच्याच जनुकाला थांबवतं. मग ते हळूहळू मोडतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. एका फेरीला साधारण २४ तास. फळमाश्यांमधलं हे गूढ उकलल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. मेंदूत या सगळ्या घड्याळांचा ताल सांभाळणारा सुमारे २०,००० पेशींचा पुंजका आहे, आणि वयानुसार त्याचा इशारा क्षीण होतो.

काही घराण्यांत तर तरुणपणीच माणसं संध्याकाळी साडेसातला झोपतात आणि पहाटे साडेचारला टक्क जागी होतात. अमेरिकेतल्या युटामधल्या अशा एका कुटुंबात 'पीरियड-२' प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललेलं आढळलं. हा शोध २००१ चा. आपल्याकडे अशा माणसाचं काकडआरतीला न चुकता जातो म्हणून कौतुकच होईल!

अडचण तेव्हा येते, जेव्हा घरात रात्री अकरापर्यंत टीव्ही चालू असतो आणि आजोबांना त्याच खोलीत झोपायचं असतं. तेव्हा वेळापत्रक घराने थोडं बदलावं.

मोतीबिंदूचा झोपेशी संबंध आहे म्हणतात. खरं का?

डोळ्याच्या पडद्यात मेलॅनॉप्सिन असलेल्या काही पेशी आहेत. त्या चित्र दाखवत नाहीत, मेंदूतल्या घड्याळाला उजेडाची खबर देतात, आणि त्यांना निळसर उजेड लागतो. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि नेमका तोच उजेड अडवतं. ऑपरेशनने भिंग बदललं की तो पुन्हा आत पोचतो. झोप किती सुधारते ते माणसागणिक वेगळं. पण सकाळी अर्धा तास ओट्यावर किंवा गच्चीत बसायला मात्र कुणाच्या परवानगीची गरज नाही.

मेलाटोनिन औषधाच्या दुकानात सहज मिळतं. द्यावं का?

मेलाटोनिन म्हणजे मेंदूतल्या पिनियल ग्रंथीने दिलेली "रात्र झाली" ही दवंडी. १९५८ मध्ये येल विद्यापीठात अ‍ॅरन लर्नर यांनी ते गुरांच्या पिनियल ग्रंथींतून वेगळं काढलं. उतारवयात ते बऱ्याच जणांत कमी तयार होतं. रक्तदाबासाठी घेतलेल्या अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनीही ते घटतं, हे फार थोड्या घरांत माहीत असतं.

ते गुंगी आणणारं औषध नाही. घड्याळ सरकवायला उपयोगी पडतं, तुटलेली झोप सांधायला तितकंसं नाही. दर्जाचा प्रश्नही आहे: २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बाजारातली ३१ उत्पादनं तपासली. काहींत लेबलपेक्षा ८३ टक्के कमी मेलाटोनिन होतं, तर एकात ४७८ टक्के जास्त. डॉक्टरांना विचारून, मात्रा आणि वेळ ठरवूनच घ्यावं.

बाबा दहा वर्षं अल्प्राझोलम घेताहेत. त्याशिवाय झोप येत नाही. चालू ठेवू द्यावं का?

अल्प्राझोलम, डायझेपाम, क्लोनाझेपाम या एकाच कुळातल्या गोळ्या. गाबा हा मेंदूतला शांत करणारा रेणू ज्या ठिकाणी चिकटतो त्याच्याशेजारी त्या बसतात आणि त्याचा परिणाम वाढवतात. गाबा मेंदूत सगळीकडे असल्यामुळे झोपेबरोबर तोल, स्मरण, स्नायूंचा ताण हे सगळंच मंदावतं. झोप लागते, पण तिच्यातल्या त्या मंद, मोठ्या लहरी आणखी कमी होतात. रात्री लघवीला उठताना तोल जातो, आणि खुब्याचं हाड मोडलं की म्हाताऱ्या माणसाचं सगळं आयुष्यच बदलून जातं. अमेरिकन वृद्धरोग संघटनेच्या यादीत ६५ वर्षांवरच्यांसाठी ही औषधं शक्यतो टाळावीत असं स्पष्ट लिहिलं आहे.

पण एक कळकळीची विनंती. हे वाचून गोळी आज रात्री बंद करू नका. इतक्या वर्षांच्या सवयीनंतर अचानक बंद केल्यास फिट्स येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने मात्रा उतरवावी लागते.

ओरेक्सिनच्या शोधातून औषधांचं एक वेगळं कुळ आलं. सुवोरेक्सन्टला अमेरिकेत २०१४ मध्ये मंजुरी मिळाली, लेम्बोरेक्सन्टला २०१९ मध्ये आणि डॅरिडोरेक्सन्टला २०२२ मध्ये. ही औषधं मेंदूला सरसकट गुंगी आणत नाहीत, जागं ठेवणारा संदेश अडवतात. सकाळी जडपणा यांनीही येऊ शकतो, म्हणून निर्णय डॉक्टरांचाच.

झोप नीट न झाल्याने अल्झायमर होतो का?

संबंध आहे, पण वर्तमानपत्रांत छापतात तितका सरळ नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं बीटा-अमायलॉइड जागेपणी जास्त तयार होतं. सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात निरोगी माणसांना एक रात्र जागवल्यावर त्यांच्या मणक्याच्या पाण्यात ते २५ ते ३० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. तिथल्याच २०२३ च्या एका छोट्या अभ्यासात ३८ जणांपैकी ज्यांना सुवोरेक्सन्टची मोठी मात्रा दिली त्यांच्यात ते काही तासांपुरतं १० ते २० टक्के कमी झालं. हा दोन रात्रींचा प्रयोग आहे, प्रतिबंधक उपाय नव्हे.

"झोपेत मेंदू धुतला जातो" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने २०१३ मध्ये उंदरांत दाखवलं की झोपेत पेशींमधली मोकळी जागा १४ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर जाते आणि कचरा लवकर वाहून जातो. पण २०२४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या गटाला नेमकं उलट दिसलं: झोपेत निचरा कमीच झाला. वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे कुणी त्या नावाखाली काही विकायला आलं तर परत पाठवावं.

उलट दिशेचा संबंध जास्त पक्का आहे. आजार आधी झोप बिघडवतो. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ली ग्रिनबर्ग यांच्या गटाला २०१९ मध्ये अल्झायमरच्या मेंदूंत जागं ठेवणाऱ्या काही केंद्रांमधल्या ७५ टक्क्यांपर्यंत पेशी गेलेल्या आढळल्या, आणि तिथे टाऊ हे अल्झायमरमध्ये साठणारं दुसरं प्रथिन साचलेलं होतं. म्हणून हे रुग्ण दिवसभर पेंगतात. "दिवसा झोपू देऊ नका म्हणजे रात्री झोपतील" असं म्हणत त्यांना हलवत राहणाऱ्या सुनांना आणि मुलींना हे कुणीतरी नीट सांगायला हवं. तो हट्ट किंवा आळस नाही.

बाबा झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात, एकदा आईला लागलंही. करणी-बाधा म्हणताहेत लोक.

बाधा नाही. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदूच्या देठातल्या काही पेशी स्नायूंना पूर्ण सैल करून ठेवतात, म्हणून स्वप्नात धावलो तरी पाय हलत नाहीत. या पेशी बिघडल्या की माणूस स्वप्न अंगाने जगू लागतो. मिनेसोटातल्या कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये हा विकार वेगळा ओळखला. त्यांचे बहुतेक रुग्ण वयस्क पुरुष होते.

यात अनेकदा अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या होत असतात, त्याच ज्या पार्किन्सनमध्ये दिसतात. २४ केंद्रांतल्या १,२८० रुग्णांच्या २०१९ मधल्या अभ्यासात १२ वर्षांत सुमारे ७३ टक्क्यांना पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा आजार होण्याची शक्यता दिसली. हे ऐकून घाबरायला होतं, मला कळतं. पण नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही असं होतं आणि त्या बदलल्यावर ते कमी होऊ शकतं. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवाच. तोवर पलंगाशेजारच्या टोकदार वस्तू हलवा, जमिनीवर गादी टाका आणि आईला काही दिवस वेगळं झोपू द्या.

रात्री पाय वळवळतात, आतून काहीतरी सरपटल्यासारखं होतं, चाललं की बरं वाटतं. तेल लावून उपयोग नाही.

हा पोटऱ्यांत येणारा गोळा नव्हे. हा अस्वस्थ पायांचा विकार, आणि त्याचं मूळ बहुधा मेंदूतल्या लोहाच्या कमतरतेत आहे. हालचाल सांभाळणारा डोपामिन हा मेंदूतला रेणू तयार करायला लोह लागतं. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी साठ्यातलं लोह कमी असू शकतं, म्हणून फेरिटिनची रक्ततपासणी मागून घ्या. ते ७५ पर्यंत किंवा त्याखाली असेल तर या विकारात लोह देण्याचा विचार होतो, जरी प्रयोगशाळेच्या कागदावर तो आकडा "नॉर्मल" छापलेला असला तरी. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या आणि मळमळीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड यांनी त्रास वाढतो.

आईचं हेच निघालं. रात्री उठून बसण्यामागे ओरेक्सिनबरोबर फेरिटिनही होतं, २१. दोन वर्षं तांदूळ निवडत बसलेली ती बाई पाय स्वस्थ ठेवू शकत नव्हती आणि "पाय दुखतात" याखेरीज तिला त्यासाठी शब्द सापडत नव्हता.

घोरण्याचं एवढं काय?

नुसतं घोरणं असेल तर फार नाही. घोरता घोरता श्वास थांबून मग गुदमरल्यासारखा परत येत असेल, तर रात्रभर रक्तातला प्राणवायू खालीवर होत असतो आणि पेशी ताणाखाली असतात. त्यातून रक्तदाब वाढतो. अशांना झोपेची गोळी देऊ नये, आधी झोपेची तपासणी करावी. नाकावर लावायचं हवेच्या दाबाचं यंत्र १९८१ पासून वापरात आहे.

जनुकांची चाचणी करून निदान होईल का?

नेहमीच्या निद्रानाशात नाही. पैसे वाचवा.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

दोन आठवड्यांची वही. किती वाजता अंथरुणावर पडलं, अंदाजे केव्हा झोप लागली, किती वेळा आणि कशाने जाग आली: लघवी, पाय, श्वास, की काहीच कारण नाही. दुपारची डुलकी, चहाच्या वेळा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पट्ट्यांसकट पिशवीत घालून न्या. लघवीची गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर एवढी एकच वेळ बदलूनही डॉक्टर पुष्कळ काही साधू शकतात. निद्रानाशावर गोळ्यांआधी सवयी आणि विचार बदलणारी एक ठरावीक मानसोपचार पद्धत (सीबीटी-आय) सुचवली जाते आणि ती ज्येष्ठांनाही लागू पडते, तिच्याबद्दल आवर्जून विचारा.

शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्या. आईच्या वेळी मी गेले होते, पण ती पाय कसे झाडते ते मला ठाऊकच नव्हतं. ते सांगितलं तिच्या खोलीत झोपणाऱ्या माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने.